मार्कंडीचा सखा, ताऱ्यांचा वाटाड्या

बेळगावच्या उत्तरेला कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन गावे आहेत. त्यांच्या शिवाराला लागून मार्कंडेय नदी वाहते. पश्चिमेच्या डोंगराळ भागातून उतरून, राकसकोप-बेळगुंदीच्या परिसरातील भातशेतांना भिजवीत ती इकडे येते आणि पुढे गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते. उन्हाळ्यात तिचा ओहोळ होतो. आषाढ-श्रावणात मात्र ती काठावरच्या शेतांत शिरते आणि लावणी झालेली रोपे आडवी करते. भूगोलाच्या पुस्तकात तिला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. तरीही गंगा, यमुना आणि नर्मदा यांच्या पंक्तीत ती साहित्यात जाऊन बसली आहे. तिला तेथे नेऊन बसवले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांनी. सारा देश त्यांना काकासाहेब या नावाने ओळखतो. भारतातील नद्यांवर लिहिताना या लहानशा नदीला त्यांनी सखी म्हटले.

काकासाहेबांची ओळख सहसा गांधीजींचे सहकारी, शिक्षणतज्ज्ञ, राष्ट्रभाषेचे प्रचारक आणि पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष अशी करून दिली जाते. त्यांच्या आयुष्याला आणखी एक धागा होता, तो तितकासा सांगितला जात नाही. नदी, मुंगी, खार, ढग आणि तारा यांच्याविषयीचे ज्ञान सामान्य माणसाला आनंदाने वाचता येईल अशा भाषेत आणणे, हे काम ते जन्मभर करीत राहिले. ते शास्त्रज्ञ नव्हते. पण शास्त्रज्ञाने पाहिलेले जग सर्वांच्या अंगणात आणणाऱ्या लेखकांच्या परंपरेतले ते होते आणि या परंपरेचे सामर्थ्य किती, हे त्यांच्या चरित्रात स्वच्छ दिसते.

त्यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यात झाला. सावंतवाडीकडील कालेली या गावावरून घराण्याला कालेलकर हे आडनाव मिळाले. वडील बाळकृष्ण जिवाजी सरकारी नोकरीत हिशेबाचे काम पाहत. त्या कामामुळे कुटुंबाचा मुक्काम सातारा, कारवार, धारवाड, बेळगाव आणि आसपासची संस्थाने असा सतत हलत राही. शेंडेफळ असलेला दत्तू आईवडिलांबरोबर सगळीकडे फिरला. शाळा तुटक झाली, पण पाहणे अखंड चालू राहिले. त्या काळी बेळगावहून कारवारला जाण्याची सोयीची वाट म्हणजे लोंढ्यावरून रेल्वेने घाट उतरून मुरगाव बंदर गाठायचे आणि तेथून आगबोट पकडायची. दूधसागरचा धबधबा, गोमंतकाची हिरवीगार भूमी आणि मग एकाएकी समोर पसरलेला समुद्र, अशी ती वाट होती. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा हा प्रदेश त्या मुलाची खरी पाठशाळा ठरला. बेळगुंदीला घरची शेती होती आणि शेताजवळून मार्कंडी वाहत होती. यमाच्या पाशातून सुटलेल्या बालमार्कंडेयाचे नाव धारण करणारी ही नदी त्याला देवतेपेक्षा खेळगडी अधिक वाटली.

या भागातील शेतकऱ्याला आकाश परके नव्हते आणि आजही नाही. रोहिणीची पेरणी, मृगाचा पाऊस, आर्द्रेची धार, हस्ताचा गडगडाट, असे नक्षत्रांवरच शेतीचे वर्ष चालते. मात्र त्यात एक मौज दडलेली आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ज्या मृगाच्या नावाने सारा गाव आभाळाकडे डोळे लावून बसतो, ते नक्षत्र त्या दिवसांत दिसतच नाही. सूर्य त्याच भागात असल्याने मृग दिवसाउजेडी उगवतो आणि मावळतो. तो पाहायचा असेल तर पौष-माघातल्या थंड रात्री अंगणात यावे लागते. तेव्हा त्याचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे लागलेला तेजस्वी व्याध हे सारे लख्ख दिसते. पावसाचे नक्षत्र पावसात का दिसत नाही, हा प्रश्न एखाद्या मुलाला पडला की पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेचे सगळे शास्त्र त्याच्यासमोर आपोआप उलगडू लागते. परंपरेने दिलेली नावे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले दृश्य आणि शास्त्राने सांगितलेले कारण हे तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथेच रंजक विज्ञानलेखनाचा उगम असतो.

मराठीत असे लेखन काकासाहेबांच्या जन्मापूर्वीच सुरू झाले होते. हरि केशवजी यांचे 'सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद' हे पुस्तक १८३३ साली निघाले. पदार्थविज्ञानासारखा विषय प्रश्नोत्तरांच्या गप्पांतून समजावता येतो, हे त्याने दाखवून दिले. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' हे मासिक १८८१ साली सुरू झाले आणि चरित्र, कविता, निबंध यांच्या जोडीने शास्त्रीय विषयावरचा लेखही ते मुलांच्या हाती देऊ लागले. पुढे १८९० च्या दशकाच्या आरंभी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'ज्योतिर्विलास' आला. दीक्षित पेशाने शिक्षक. भारतीय ज्योतिषशास्त्राचा भारदस्त इतिहास लिहिण्याची योग्यता असलेल्या या पंडिताने आपल्या लोकप्रिय ग्रंथाला जोडनाव दिले ते 'रात्रीची दोन घटका मौज'. एवढ्या विद्वान माणसाने मौज हा शब्द ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मिरवावा, यातच त्या पिढीची दृष्टी दिसते. ज्ञान पातळ न करता गोड करता येते, असा तो विश्वास होता. कालेलकरांची पिढी या हवेत वाढली.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन ते १९०७ साली पदवीधर झाले. रँग्लर परांजपे तेव्हा तेथे प्राचार्य होते. त्या वातावरणात तरुण दत्तात्रेय काही काळ कडवे बुद्धिवादी बनले. देव, धर्म, रूढी यांतील प्रत्येक गोष्ट त्यांनी तर्काच्या चिमट्यात धरून पाहिली. ती टोकाची वृत्ती पुढे निवळली, पण कोणतीही गोष्ट ऐकीव म्हणून न स्वीकारण्याची सवय राहिली. त्यानंतर बेळगावच्या गणेश विद्यालयात त्यांनी शिकवले, मुंबईच्या 'राष्ट्रमत' या दैनिकात काम केले आणि मग बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते दाखल झाले. तेथे गुरुशिष्यांत घरोबा असावा म्हणून शिक्षकांना नात्यांची नावे दिली जात. कोणी मामा झाले, कालेलकर काका झाले. ते नाव त्यांना जन्मभर चिकटले. इंग्रज सरकारची वक्रदृष्टी झाल्याने विद्यालय बंद पडले आणि काका हिमालयाच्या वाटेला लागले.

स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्या संगतीत केलेली ती पायी भ्रमंती मोक्षाच्या ओढीने सुरू झाली होती. पण पुढे गुजरातीत लिहिलेल्या 'हिमालयनो प्रवास' या पुस्तकात मोक्षाइतकेच देवदार, हिमशिखरे, नद्यांचे संगम आणि रात्रीचे आकाश भरले आहे. ज्याला संन्यास घ्यायचा होता, त्याला सृष्टीने संसारात परत पाठवले, असेच ते पुस्तक वाचताना वाटते.

परतल्यावर १९१४ मध्ये ते शांतिनिकेतनात गेले. तेथे त्यांना रवींद्रनाथांचा सहवास मिळाला आणि १९१५ च्या फेब्रुवारीत तेथेच गांधीजींची भेट झाली. रवींद्रनाथांचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. अकरा-बारा वर्षांचे असताना, १८७३ साली वडिलांबरोबर डलहौसीच्या डोंगरात राहताना त्यांना रात्री ताऱ्यांची ओळख करून दिली गेली. पुढे सर रॉबर्ट बॉल या आयरिश ज्योतिर्विदाची सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेली पुस्तके त्यांनी आवडीने वाचली. फ्रान्सच्या कामिल फ्लामारियाँचेही त्यांनी वाचले. गणिताची अवघड वाट सोडून देऊन जेवढे कळेल तेवढे घ्यावे आणि उरलेल्याचा आनंद लुटावा, अशी त्यांची वाचनाची रीत होती. त्या वाचनाचे ऋण त्यांनी १९३७ साली 'विश्वपरिचय' हे विज्ञानावरचे छोटेसे बंगाली पुस्तक लिहून फेडले आणि ते भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केले. कवीला शास्त्राकडे खेचून नेले होते ते रंजक लेखकांनी. शास्त्रज्ञाने एक दार उघडे ठेवले की त्यातून कवी आत जातो आणि बाहेर येताना काही नवे घेऊन येतो, ही गोष्ट रवींद्रनाथांच्या बाबतीत जितकी खरी, तितकीच त्यांच्या या मराठी सहकाऱ्याच्या बाबतीतही खरी ठरली.

काकासाहेब साबरमतीच्या आश्रमात आले आणि गुजराती ही त्यांची लेखनाची भाषा बनली. गांधीजी तुरुंगात असताना त्यांनी 'नवजीवन' चालवले. त्यातील लेखनासाठी १९२३ साली त्यांना एक वर्षाची शिक्षा होऊन साबरमतीच्या कारागृहात ठेवण्यात आले. चार भिंती, एक अंगण आणि वर आभाळाचा एक तुकडा, इतकेच जग शिल्लक राहिले. त्या जगातून 'ओतराती दीवालो', म्हणजे उत्तरेकडील भिंती, हे छोटेखानी पुस्तक जन्माला आले. त्यात राजकारण जवळजवळ नाही. त्यात खारी आहेत, कावळे आहेत, मांजरे आहेत, मुंग्यांच्या रांगा आहेत. मुंगी ओझे कसे उचलते, वाटेत अडथळा आला तर रांग कशी वळते, पक्ष्यांची भांडणे कशी मिटतात, हे तासन्‌तास पाहून त्यांनी लिहिले. कैद्याजवळ वेळेखेरीज काहीच नसते आणि निसर्गनिरीक्षकाला वेळेखेरीज फारसे काही लागत नाही. शिक्षा म्हणून मिळालेल्या वर्षाचे त्यांनी असे अभ्यासवर्ष करून टाकले. गुजराती ललित निबंधात या पुस्तकाचे स्थान आजही मानाचे आहे.

मिठाच्या सत्याग्रहानंतर १९३० साली गांधीजींना येरवड्यात ठेवले गेले. काही काळाने त्यांचे सोबती म्हणून काकासाहेबांनाही तेथे आणण्यात आले आणि वर्षअखेरीपर्यंत काही महिने ते दोघे एकत्र राहिले. पावसाळा सरला की पुण्याचे आकाश धुतल्यासारखे होते. आश्विनातल्या पहाटे चारला, प्रार्थनेच्या वेळी, मृग आणि व्याध डोक्यावर येऊ लागतात आणि दक्षिणेला अगस्ती दिसतो. काकासाहेबांना या साऱ्यांची जुनी ओळख होती आणि ओळख करून देण्याची हौसही होती. पण गांधीजींचा दिवस चरखा, पत्रव्यवहार, गीता आणि प्रार्थना यांनी काठोकाठ भरलेला. शेजारी जाणकार असूनही ते तेव्हा आकाशाकडे वळले नाहीत.

ते वळले १९३२ मध्ये. त्या वर्षाच्या आरंभी गांधीजी पुन्हा येरवड्यात आले. या वेळी वल्लभभाई पटेल आणि पुढे महादेवभाई देसाई सोबत होते; काकासाहेब नव्हते. आणि आता ते ताऱ्यांच्या नादी लागले. खगोलावरची सोपी पुस्तके मागवून घेतली, नकाशे मिळवले, प्रेमलीला ठाकरसी यांच्याकडून दुर्बीण आणवली. एप्रिलमध्ये आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी आकाशदर्शनाचा आग्रह धरला. बासष्टी ओलांडलेला, देशाच्या चिंतेने वेढलेला माणूस तुरुंगाच्या अंगणात दुर्बिणीला डोळा लावून उभा राहिला. पेरलेले बी उगवायला दोन वर्षे लागली होती.

त्याच काळात काकासाहेब कोठे होते? ते आपल्या बालपणीच्या गावाजवळ, पण गजाआड होते. कायदेभंगाच्या त्या दुसऱ्या पर्वात त्यांना काही काळ बेळगावच्या हिंडलगा कारागृहात ठेवले होते. एका बाजूला कंग्राळी, दुसऱ्या बाजूला बेळगुंदी, आणि या सगळ्यांना जोडीत वाहणारी मार्कंडी. ज्या नदीत पाय बुडवून बालपण गेले, ती हाकेच्या अंतरावर असूनही दिसत नव्हती. आभाळ मात्र तेच होते. बेळगावच्या आकाशात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर असतो, येरवड्यात तो अडीच अंशांनी उंच दिसतो. याउलट दक्षिणेचा अगस्ती हिंडलग्याहून अधिक वर दिसतो. एवढाच काय तो दोन तुरुंगांच्या आकाशातला फरक. या कारावासाची आठवण त्यांच्या 'हिंडलगानो प्रसाद' या पुस्तकाच्या नावात राहून गेली आहे. शिक्षेला प्रसाद म्हणणे हा त्यांचा स्वभावच होता.

व्याधाचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचायला साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणजे १९३२ च्या वसंतात येरवड्याच्या अंगणातून गांधीजींनी व्याध पाहिला असेल, तर डोळ्यांत शिरलेला तो किरण १९२३ मध्ये निघालेला होता. त्या वर्षी काकासाहेब साबरमतीच्या कोठडीत बसून मुंग्यांच्या रांगा न्याहाळत होते. शास्त्राने दिलेला हा एवढासा आकडा घेऊन कोणीही रात्री बाहेर यावे आणि आपल्या आयुष्यातील साडेआठ वर्षांपूर्वीचा दिवस आठवावा. तारा मग दूरचा राहत नाही. रंजक विज्ञानलेखक करतो ते हेच. तो माहितीला माणसाच्या दिवसाशी जोडून देतो. काकासाहेबांचे ताऱ्यांवरचे आणि नद्यांवरचे निबंध याच रीतीचे आहेत.

त्यांच्या या रीतीला मर्यादाही होत्या. पुराणकथा आणि शास्त्र यांची सरमिसळ त्यांच्या लेखनात कधी कधी इतकी मोकळेपणी होते की काटेकोर वाचकाला ती खटकावी. नदीला आई म्हटले की तिच्या पाण्याचे मोजमाप मागे पडते. ताऱ्यांत देवांचे काव्य वाचू लागले की त्यांचे तापमान विसरले जाते. भावनेचा पूर त्यांना अनेकदा आवरत नसे. पण त्यांनी कथेला कारणाच्या जागी बसवले नाही. कथा उंबरठ्यावर थांबते, वाचकाला आत जाण्याचे निमंत्रण देते. आत जाऊन मोजमाप करण्याचे काम ते शास्त्रावर सोपवतात. ज्याने कधी मान वर केली नाही, त्याला तापमान सांगून उपयोग नाही, हे ते शिक्षक म्हणून जाणत होते.

भाषेच्या बाबतीत त्यांचे आयुष्य सीमेवरच्या माणसाचे आयुष्य होते. मराठी घरात जन्म, कानडी मुलखात बालपण, कोकण आणि गोमंतकाशी पिढीजात नाते, गुजरातीत कीर्ती आणि हिंदीचा जन्मभर प्रचार. त्यांच्या गुजरातीवर प्रसन्न होऊन गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती म्हटले आणि गुजराती शुद्धलेखनाचा जोडणीकोश सिद्ध करण्याच्या कामाचा भारही त्यांच्यावर सोपवला. तो कोश १९२९ साली निघाला. मराठी माणसाला याची हळहळ वाटते आणि ती अस्थानी नाही. एवढ्या ताकदीचा निबंधकार आपल्या भाषेला पूर्ण वेळ लाभला नाही. मात्र 'लोकमाता', 'स्मरणयात्रा' ही पुस्तके मराठीतही आली आणि त्यांतील बेळगुंदी, शहापूर, सावंतवाडी, कारवार हा प्रदेश मराठी वाचकाला आपल्या घरासारखा भेटला. ज्या भूमीवरून पुढे भाषांचे तंटे झाले, त्याच भूमीने एका मुलाला सगळ्या भाषा आपल्या मानायला शिकवले होते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून १९६४ पर्यंत ते राज्यसभेत होते. १९५३ साली नेमलेल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९६४ मध्ये पद्मविभूषण आणि त्यानंतर 'जीवन-व्यवस्था' या गुजराती निबंधसंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जपान आणि पूर्व आफ्रिकेसह अनेक देश त्यांनी पाहिले आणि त्यांवर लिहिले. अखेरची वर्षे दिल्लीत राजघाटाजवळच्या 'सन्निधी'त गेली. २१ ऑगस्ट १९८१ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९८५ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

कंग्राळीच्या शिवारातून आता बेळगाव शहराचा उजेड रात्रभर दिसतो. वस्ती वाढली, रस्त्यावर दिवे आले आणि आकाशातले पुसट तारे हळूहळू मिटले. तरी पौषातल्या कोरड्या रात्री नदीच्या काठाला, दिव्यांकडे पाठ करून उभे राहिले तर मृग दिसतो, व्याध दिसतो आणि उशिरा, दक्षिणेला, झाडांच्या शेंड्यांवर अगस्तीही दिसतो. त्या काठावर शाळेतून परतणारे एखादे मूल पावसाचे नक्षत्र पावसात का दिसत नाही असे विचारील, तेव्हा उत्तर देणारे कोणीतरी शेजारी असावे, किंवा निदान एखादे पुस्तक असावे. बेळगुंदीच्या दत्तूने जन्मभर तेवढ्यासाठीच लिहिले. मार्कंडी अजून वाहते आहे.